चाहते हक्क गाजवू लागले तर काय करायचं? नव्या क्रिएटरसाठी पायरीपायरीनं

‘दोन आठवडे झाले, एपिसोड नाही. आम्ही तुला इथवर आणलं, हे विसरू नकोस.’

हा मेसेज मला रात्री साडेअकराला आला होता. पाठवणारी व्यक्ती कोणी ट्रोल नव्हती. माझ्या ऑडिओ कथामालिकेच्या पहिल्या भागापासून प्रत्येक भागाखाली भरभरून लिहिणारी, दुसऱ्यांना आवर्जून लिंक पाठवणारी ती श्रोती होती. मी माफी मागितली, कारणं सांगितली आणि घाईघाईत पुढचा भाग टाकला. तिथेच चुकलं. पुढच्या वेळी उशीर झाला तेव्हा तसेच सहा मेसेज आले.

नवा क्रिएटर ट्रोलसाठी मनाची थोडीफार तयारी करून आलेला असतो. आपल्यावर जीव लावणाऱ्या माणसांसाठी त्याची काहीच तयारी नसते. शिवी देणाऱ्याला ब्लॉक करताना हात थरथरत नाही, पण ‘तुमच्यामुळे मी वाईट दिवसांतून बाहेर आले’ असं कधीतरी लिहिलेल्या माणसाला ब्लॉक करताना थरथरतो. म्हणून हा लेख मुख्यतः चाहत्यांबद्दल आहे. तुमचे फॉलोअर अजून शंभर-दोनशे असतील तर हे वाचायची हीच वेळ आहे.

पहिली पायरी : हे नातं कसं बनतं ते समजून घ्या

१९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी रेडिओ-टीव्हीच्या प्रेक्षकांबद्दल लिहिताना ‘पॅरासोशल’ हा शब्द वापरला. पडद्यावरचा माणूस थेट डोळ्यांत बघून बोलतो, रोज ठरलेल्या वेळी येतो, त्यामुळे प्रेक्षकाला तो ओळखीचा वाटू लागतो. त्या माणसाला मात्र प्रेक्षकाचं नावही ठाऊक नसतं. ही एकतर्फी जवळीक म्हणजे काही आजार नाही. आपण सगळेच ती अनुभवतो आणि तिच्यामुळेच तर लोक आपलं काम मनापासून ऐकतात, बघतात.

सोशल मीडियानं त्यात एक गोष्ट वाढवली. टीव्हीवरचा निवेदक उत्तर देत नसे, तुम्ही कधीकधी देता. हे ‘कधीकधी’च जवळीक खरी असल्याचा पुरावा वाटू लागतं. शिवाय समोरचा चेहरा दिसत नाही, नाव लपवता येतं, बोलल्याचा परिणाम लगेच समोर येत नाही. अशा वेळी माणसं प्रत्यक्षात कधी बोलली नसती ते लिहून जातात. मानसशास्त्रज्ञ जॉन सूलर यांनी २००४ मध्ये याची सविस्तर मांडणी केली. त्यांचा एक मुद्दा मला फार उपयोगी पडला : याच मोकळेपणातून अतिशय हळवी, प्रामाणिक पत्रंही येतात आणि विखारही येतो. कित्येकदा एकाच माणसाकडून, एकाच महिन्यात.

दुसरी पायरी : आलेल्या मजकुराची प्रतवारी करा

मजकूर उद्धट आहे का, या प्रश्नानं सुरुवात करू नका. चांगली टीका उद्धट असू शकते आणि धमकी अतिशय गोड भाषेत येऊ शकते. त्याऐवजी तीन गोष्टी बघा. हे माझ्या कामाबद्दल आहे की माझ्याबद्दल? एकदा लिहिलंय की पुन्हा पुन्हा? माझ्या खासगी आयुष्यातलं असं काही यात आहे का, जे मी स्वतः कधी सांगितलेलं नाही?

‘हा भाग रटाळ होता, शेवट गुंडाळलाय’ ही टीका. राहू द्या, जमलं तर शिका. ‘आवाज नीट ऐकू येत नाही’ ही तक्रार, आणि ती सोन्यासारखी असते. ‘त्या दोघांना वेगळं केलंस तर बघ, आम्ही एवढी वर्षं ऐकतोय’ इथून हक्काची भाषा सुरू होते. ‘तुझं लग्न मोडलं म्हणून तू असं लिहितेस ना?’ इथे कामाचा विषय संपला. आणि ‘काल निळ्या कुर्त्यात छान दिसत होतीस’, जर काल तुम्ही कुठलाही फोटो टाकलाच नसेल, तर हे कौतुक नाही. हा पाठलाग आहे.

हक्काची भाषा अनेकदा कलाकृतीवरच्या प्रेमाच्या नावाखाली येते. केली मेरी ट्रॅन ही अभिनेत्री २०१७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात आली आणि महिनोन्महिने तिच्यावर वंशद्वेषी, स्त्रीद्वेषी कमेंटचा मारा झाला. जून २०१८ मध्ये तिनं इन्स्टाग्रामवरच्या आपल्या सगळ्या पोस्ट काढून टाकल्या. मारा करणाऱ्यांत त्या मालिकेचे निष्ठावंत म्हणवणारे कितीतरी होते. आवडत्या गोष्टीचं आपण रक्षण करतोय, असंच त्यांना वाटत होतं. म्हणून ‘हा तर माझा चाहता आहे, मनातून वाईट नसेल’ हा युक्तिवाद स्वतःशी करू नका. मनात काय आहे ते तुम्हाला दिसत नाही. समोर काय लिहिलंय ते दिसतं.

तिसरी पायरी : नियम आधी लिहा, गर्दी नंतर होऊ द्या

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. पहिल्या आगाऊ कमेंटचं फारसं काही वाटत नाही. ती तशीच राहिली की दुसऱ्याला वाटतं, इथे हे चालतं. वीस हजार लोक जमल्यावर नियम लावायला गेलात तर ‘आता मोठी झालीस म्हणून’ हे ऐकावं लागतं. दोनशे असताना लावलेला नियम लोक घराच्या रीतीसारखा स्वीकारतात.

नियम चार-पाच ओळींचे पुरतात. चॅनेलच्या माहितीत आणि पिन केलेल्या कमेंटमध्ये ठेवा. माझे साधारण असे आहेत :

‘कामावर टीका मोकळेपणानं करा. माणसांवर नको. माझ्या किंवा माझ्या घरच्यांच्या खासगी आयुष्याबद्दल अंदाज बांधू नका. इथल्या वादासाठी दुसऱ्या कुणाच्या पेजवर जाऊन लिहू नका. खासगी मेसेज मी रोज वाचत नाही. नियम मोडणारी कमेंट न कळवता काढली जाईल.’

शेवटची दोन वाक्यं वगळू नका. मेसेज वाचले जातात अशी समजूत राहिली की न आलेलं उत्तर अपमान वाटतं. आणि प्रत्येक काढलेल्या कमेंटचा खुलासा देत बसलात तर तोच तुमचा उद्योग होऊन बसतो.

अमेरिकी गायिका चॅपल रोन हिनं ऑगस्ट २०२४ मध्ये चाहत्यांना जाहीरपणे सांगितलं की पाठलाग, नको असलेला स्पर्श, कुटुंबीयांच्या मागे लागणं हे ती प्रसिद्धीचा भाग म्हणून सहन करणार नाही. मंचावर, मुलाखतीत, कार्यक्रमात आपण कामावर असतो. बाकी वेळ आपण कामावर नसतो, असं तिनं स्पष्ट केलं. कृतघ्न म्हणणारे निघालेच, ते निघणारच. पण तिची मांडणी उचलण्यासारखी आहे. तुम्ही कधी ‘कामावर’ असता हे आधी स्वतःशी ठरवा. मी आठवड्यातून दोनदा, एकेक तास कमेंट वाचते आणि उत्तरं देते. त्या वेळेबाहेर माझ्याकडून उत्तर येत नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

इथे पैशांचा एक मुद्दा येतो. तुम्ही सदस्यत्व, देणगी किंवा सशुल्क ग्रुप सुरू करणार असाल तर त्या पैशात काय मिळतं ते मोजून लिहा : महिन्याला एक जादा भाग, एक दिवस आधी ऐकण्याची सोय, एवढंच. ‘माझ्या परिवाराचा भाग व्हा’, ‘तुम्ही माझे खास मित्र’ असलं काही लिहू नका. आर्जव म्हणून आपण ते सहज लिहून जातो, पण वाचणारा ते करार म्हणून वाचतो. मग कथेत कोण मरणार, कोण कुणाशी लग्न करणार, हेही आपण विकत घेतलंय असं त्याला वाटलं तर त्या वाटण्यात थोडा वाटा आपल्या शब्दांचा असतो. तारखांचंही तसंच. ‘दर शुक्रवारी’ म्हणण्याआधी तीन भाग तयार करून हाताशी ठेवा, नाहीतर ‘तयार झाला की येईल’ एवढंच म्हणा.

चौथी पायरी : सेटिंग्ज एका बैठकीत लावून टाका

हे काम तासाभराचं आहे आणि वाद पेटण्याआधीच करायचं आहे. पेटल्यावर मेनू शोधायला डोकं ठिकाणावर नसतं.

सर्वांत आधी शब्दांची गाळणी. यूट्यूब, इन्स्टाग्राम, फेसबुक या सगळ्यांवर ठरावीक शब्द असलेल्या कमेंट आपोआप अडवायची सोय आहे. शिव्यांची यादी तर टाकालच, पण मराठीत एकच शिवी देवनागरीत आणि रोमन अक्षरांत चार-पाच प्रकारे लिहिली जाते, मध्ये चांदण्या आणि आकडे घालून लिहिली जाते; ती सगळी रूपं टाका. त्याहून महत्त्वाचं : स्वतःचा फोन नंबर, राहत्या इमारतीचं आणि रस्त्याचं नाव, घरच्यांची नावं, मुलांच्या शाळेचं नाव हेही त्याच यादीत घाला. कुणी तुमचा पत्ता कमेंटमध्ये टाकलाच तर तो लोकांना दिसण्याआधी अडेल. ही गोष्ट फार कमी जण करतात.

मग ब्लॉकपेक्षा सौम्य अवजारं शिकून घ्या. इन्स्टाग्रामवर २०१९ पासून ‘रिस्ट्रिक्ट’ आहे : त्या व्यक्तीची कमेंट तिला दिसते, तुम्हाला दिसते, बाकी कुणाला नाही, तिचे मेसेज रिक्वेस्टमध्ये जातात आणि तुम्ही ते वाचले की नाही हे तिला कळत नाही. यूट्यूबवर ‘हाइड युजर’ आहे, त्यानं त्या व्यक्तीच्या कमेंट तुमच्या चॅनेलवर इतरांना दिसत नाहीत. हक्क गाजवणाऱ्या जुन्या चाहत्यासाठी हा उपाय ब्लॉकपेक्षा बरा, कारण ब्लॉक झाल्याचं कळलं की काही जण त्याचा स्क्रीनशॉट मिरवतात आणि नवं खातं काढून परत येतात. ब्लॉक करायचंच असेल तर इन्स्टाग्रामवर ‘या व्यक्तीची नवी खातीही ब्लॉक करा’ हा पर्याय दिसतो, तोच निवडा.

लाइव्ह करत असाल तर स्लो मोड (दोन मेसेजमध्ये ठरावीक वेळ थांबायला लावणारी सोय) आणि फक्त फॉलोअरनाच लिहू देण्याची सोय कुठे आहे ते आधी बघून ठेवा. २०२१ मध्ये ट्विच या लाइव्ह व्हिडिओच्या प्लॅटफॉर्मवर शेकडो बनावट खाती एकदम एखाद्याच्या चॅटमध्ये घुसवून शिव्यांचा पूर आणण्याचे प्रकार इतके वाढले, की १ सप्टेंबरला अनेक स्ट्रीमरनी एक दिवस काम बंद ठेवलं. पुढच्या वर्षी ट्विचनं ‘शील्ड मोड’ आणला. एका बटणात सगळी दारं बंद होतात. तुमच्या प्लॅटफॉर्मवर तसं एकच बटण नसेल तर कोणती चार बटणं दाबायची ते कागदावर लिहून पडद्याशेजारी चिकटवा.

मॉडरेटर, म्हणजे तुमच्या वतीनं कमेंटवर नजर ठेवणारा माणूस, नेमताना सर्वांत उत्साही चाहत्याला नेमायचा मोह होतो. टाळा. जो तुमच्यावरची साधी टीकाही सहन करू शकत नाही, त्याच्या हातात कमेंट काढायचा अधिकार गेला तर उरतो तो फक्त जयजयकार. शांत, थोडं अंतर राखून असलेला माणूस निवडा. आणि दोघं तरी नेमा.

पाचवी पायरी : घर सापडू देऊ नका

२०१९ मध्ये जपानमध्ये एका तरुण गायिकेवर तिच्या घराजवळ हल्ला झाला. करणारा तिचा चाहता होता. तिच्या सेल्फीत डोळ्यांच्या बाहुलीत पडलेलं रेल्वे स्टेशनचं प्रतिबिंब मोठं करून, ते ऑनलाइन नकाशातल्या रस्त्यांच्या चित्रांशी जुळवून त्यानं स्टेशन ओळखलं. घरातल्या व्हिडिओंत पडदे कुठे आहेत, उजेड कुठून येतो यावरूनही त्यानं अंदाज बांधले. हे वाचल्यापासून मी खिडकीकडे तोंड करून रेकॉर्डिंग करत नाही.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. उपाय अगदी साधे आहेत. बाहेरचे फोटो ती जागा सोडल्यावरच टाका. खिडकीबाहेरचं दृश्य, पार्सलवरचं लेबल, गाडीची नंबरप्लेट चौकटीत येऊ देऊ नका. मूळ फोटो ईमेलनं किंवा फाइल म्हणून पाठवलात तर त्यात जागेची नोंद राहू शकते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ती बंद करा. वेबसाइट असेल तर डोमेनच्या नोंदणीत घरचा पत्ता उघडा दिसत नाही ना ते तपासा. चाहत्यांना तुम्हाला भेटवस्तू पाठवायच्या असतील तर घरच्या पत्त्याऐवजी टपाल कार्यालयातला पोस्ट बॉक्स घ्या, नाहीतर सरळ ‘भेटी स्वीकारत नाही’ म्हणा. सगळ्या खात्यांना दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड) लावा. एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर अॅपचा कोड बरा, कारण फोन नंबर फसवणुकीनं दुसऱ्याच्या सिमवर वळवता येतो.

घरच्यांची खातीही बघा. तुमची स्वतःची खाती बंदिस्त असतात आणि भावाच्या खात्यावर दारासमोरचा फोटो, ठिकाणासकट, सगळ्यांसाठी खुला असतो.

सहावी पायरी : उत्तर कधी द्यायचं, कधी नाही

मानसशास्त्रातली एक जुनी गोष्ट इथे कामी येते. फर्स्टर आणि स्किनर यांच्या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं, की प्रत्येक वेळी बक्षीस मिळण्यापेक्षा अधूनमधून, अनिश्चितपणे मिळालं तर ती सवय अधिक चिवट होते. बक्षीस पूर्ण बंद केलं तरी सहज सुटत नाही. आता आपल्या मेसेजकडे बघा. नऊ वेळा दुर्लक्ष करून दहाव्या वेळी वैतागून उत्तर दिलं, तर दहा मेसेज पाठवले की उत्तर मिळतं हे आपणच शिकवलं.

म्हणून हक्काच्या भाषेला एकदाच उत्तर द्या, छोटं आणि सभ्य : ‘तुम्ही मनापासून ऐकता याचा आनंद आहे. कथेचे निर्णय मात्र माझे मीच घेईन.’ त्यानंतर काहीही आलं तरी उत्तर नाही. समजावणारा मोठा मेसेज लिहायची ऊर्मी येईल. तो लिहा, आणि पाठवू नका. त्यातली प्रत्येक ओळ वादाला नवं टोक देते.

आणि हे मनाला पटवून ठेवा : वाईट गोष्ट चांगलीपेक्षा मनावर खोल उमटते. २००१ मध्ये रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी कितीतरी संशोधनांचा आढावा घेऊन हेच दाखवलं. ऐंशी प्रेमळ कमेंटमध्ये दोन विखारी असल्या तर रात्री ती दोनच आठवतात. हा तुमचा कमकुवतपणा नाही, मन असंच चालतं. त्यावर उपाय म्हणजे झोपण्याआधी कमेंट न वाचणं आणि वाईट दिवसांत दुसऱ्या कुणाला आधी वाचायला लावणं. मनाला भिडलेली पत्रं मी वेगळ्या फाइलमध्ये ठेवते. ती खरोखर उघडून वाचते.

सातवी पायरी : आपल्या बाजूच्या झुंडीला आवरा

या पायरीबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण इथे दुखावला जाणारा माणूस आपण नसतो.

एका नवख्या समीक्षकानं माझ्या मालिकेवर नकारात्मक लिहिलं होतं. त्याचे जेमतेम तीनशे फॉलोअर. मी त्याच्या पोस्टचा स्क्रीनशॉट नाव झाकून टाकला आणि खाली एक दुखावलेलं वाक्य लिहिलं. नाव झाकलं म्हणजे जबाबदारी संपली असं मला वाटलं. स्क्रीनशॉटमधली ओळ शोधून दहा मिनिटांत लोक त्याच्यापर्यंत पोचले. दोन दिवसांत त्यानं खातं बंद केलं. मी कुणालाच ‘जा’ म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती.

तेव्हापासून माझा नियम : माझ्याहून लहान खात्याची टीका मी कधीही पुढे दाखवत नाही, नाव झाकूनसुद्धा नाही. मुद्दा महत्त्वाचा असेल तर माझ्या शब्दांत मांडते, तोही काही आठवडे जाऊ देऊन.

आणि झुंड निघालीच तर तीन गोष्टी लगेच, पहिल्या तासा-दोन तासांत करायच्या. ज्या जागी तुमचं मूळ वाक्य आहे तिथेच लिहा, स्टोरीत नको, ती चोवीस तासांनी नाहीशी होते. मोघम ‘सगळ्यांनी प्रेमानं राहा’ असं लिहू नका. काय थांबवायचं ते नेमकं सांगा : ‘त्यांच्या पेजवर जाऊन कुणीही लिहू नका. आधी लिहिलं असेल तर काढा. असं करणाऱ्याला मी इथून काढणार आहे.’ आणि मग खरोखर काढा, मग तो कितीही जुना चाहता असो. पहिल्यांदा काढाल तेव्हा काही जण सोडून जातील. जाऊ द्या. जे राहतात ते ही गोष्ट कायम लक्षात ठेवतात.

‘माझी फौज’, ‘माझे सैनिक’ अशी नावं चाहत्यांना देऊ नका. फौज म्हटलं की शत्रू लागतो.

आठवी पायरी : धमकी, पाठलाग, आणि ‘मी जिवाचं बरंवाईट करीन’

इथे संयमाचा प्रश्न नाही, नोंदीचा आहे. काहीही काढण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. त्यात तारीख, वेळ आणि खात्याचं नाव दिसायला हवं. पोस्टची आणि प्रोफाइलची लिंकही कॉपी करून ठेवा, कारण नाव बदलता येतं. यूट्यूबवर चॅनेलचा एक कायमचा आयडी असतो, तो नोंदवा. सगळं एका फाइलमध्ये तारखेनुसार लावा. पोलिसांकडे सुटे चाळीस स्क्रीनशॉट नेण्यापेक्षा दोन पानांची तारीखवार नोंद जास्त उपयोगी पडते. प्लॅटफॉर्मवर रिपोर्ट करताना पूर्ण खात्याची तक्रार करा, शिवाय प्रत्येक मेसेजची वेगळी.

पत्त्याचा उल्लेख आला, कुणी घराजवळ आलं, प्रत्यक्ष इजेची भाषा आली, तर थांबू नका, त्याच दिवशी पोलिसांत जा. घरच्यांना आणि शेजारच्या एका विश्वासू माणसाला सांगा. फॉलोअरना सांगायची घाई नको. पाठलाग करणाऱ्याला आपण कुठवर पोचलो हे तुमच्याच पोस्टमधून कळतं.

‘तू उत्तर दिलं नाहीस तर मी जगणार नाही’ असा मेसेज आला तर तो खरा आहे की दबाव आहे, हे तुम्हाला ठरवता येणार नाही. ठरवायला बसूही नका. खराच आहे असं धरून एकदा, मायेनं लिहा : ‘तुम्हाला किती त्रास होतोय हे वाचून काळजी वाटली. आत्ता जवळच्या कुणालातरी फोन करा.’ सोबत तुमच्या भागातल्या हेल्पलाइनचा नंबर द्या, आणि आत्महत्येच्या धोक्याबद्दल रिपोर्ट करण्याचा पर्याय बहुतेक मोठ्या प्लॅटफॉर्मवर असतो, तो वापरा. रोज रात्री बोलत राहायचं वचन मात्र देऊ नका. तुम्ही समुपदेशक नाही, आणि त्या माणसाला जवळ असलेल्या, शिकलेल्या माणसाची गरज आहे. हे वचन मी एकदा दिलं होतं. सात आठवड्यांनी ते मोडावं लागलं तेव्हा दोघांचंही जास्त नुकसान झालं.

सुट्टीवर जाताना

कधीतरी थांबावं लागेल. तेव्हा कारण सांगायलाच हवं असं नाही. ‘महिनाभर नवीन भाग नाही, कमेंट बंद, परत आल्यावर कळवीन’ इतकं पुरतं. आजारपण, घरातलं दुःख असे तपशील दिले की चौकशीचा हक्कही दिल्यासारखा होतो. निघण्याआधी जुन्या पोस्टवरच्या कमेंट बंद करा किंवा तपासणीत टाका, मेसेज रिक्वेस्ट बंद करा, मॉडरेटरना चावी द्या आणि कोणत्या तीन गोष्टींसाठीच तुम्हाला फोन करायचा ते लिहून द्या. माझ्या यादीत आहेत : घराचा पत्ता बाहेर आला, दुसऱ्या कुणावर झुंड गेली, कुणाच्या जिवाला धोका आहे. मालिका कधी येणार हा प्रश्न त्या यादीत नाही.